नऊ धावांची गोष्ट

क्रिकेटच्या विक्रमांची यादी वाचताना आपली नजर थेट आकड्यावर जाते. आकड्याच्या खांद्यावर बसलेल्या चांदणीकडे फारसं कुणी बघत नाही. फलंदाज नाबाद राहिला, एवढंच ती सांगते. पण तो नाबाद का राहिला, खेळ कुणी थांबवला, हे तिच्यातून कळत नाही. आज मी अशाच एका चांदणीविषयी बोलणार आहे. ती ४४३ या आकड्यापुढे आहे आणि तो आकडा एका मराठी माणसाचा आहे.

त्याआधी थोडं स्कोअरबुकाविषयी सांगायला हवं. मी वालीवचा. आमच्याकडे गाळ्यांना सुट्टी असली की कामगारांचे टेनिस बॉलचे सामने रंगतात. तिथं बरीच वर्षं मी स्कोअर लिहितो. हे काम करणाऱ्याला एक गोष्ट लवकर समजते. फलंदाजानं चौकार मारला की चारचा आकडा दोन ठिकाणी लिहावा लागतो, एकदा त्याच्या नावापुढे आणि एकदा गोलंदाजाच्या रकान्यात. डाव संपल्यावर दोन्ही बाजूंच्या बेरजा करायच्या, बाय आणि लेगबायचा हिशेब जुळवायचा. ताळा बसला नाही तर कुठंतरी चुकलेलं असतं. वाण्याच्या वहीत जसं जमा आणि नावे, तसंच हे. म्हणजे कुठलाही विक्रम एका माणसाच्या खात्यावर लिहिला जात नाही. समोर कुणीतरी चेंडू टाकावा लागतो.

आता पुण्याला चला. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, रणजी करंडकाचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. मग महाराष्ट्राची फलंदाजी सुरू झाली आणि कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला उतरले. तेव्हा त्यांचं वय एकोणतीस. त्यांनी आणि के. व्ही. भांडारकरांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकर २०५ धावा काढून बाद झाले. निंबाळकर खेळत राहिले. ४९४ मिनिटं, ४९ चौकार, एक षटकार. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या आणि निंबाळकर ४४३ वर पोहोचले.

त्या वेळी प्रथम श्रेणी क्रिकेटमधली सर्वोच्च धावसंख्या डॉन ब्रॅडमनच्या नावावर होती. १९३० साली सिडनीला क्वीन्सलंडविरुद्ध त्यानं नाबाद ४५२ धावा काढल्या होत्या. निंबाळकरांना बरोबरीसाठी नऊ धावा हव्या होत्या, विक्रमासाठी दहा. ज्यानं सव्वाआठ तासांत ४४३ धावा काढल्या, त्याला दहा धावांना किती वेळ लागणार?

खेळ मध्यंतरासाठी थांबला होता. काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी सांगितलं, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही सामना सोडतो. विक्रमाला थोड्याच धावा हव्या आहेत, थोडा वेळ खेळू द्या, अशी विनंती झाली. ती मान्य झाली नाही. काठेवाडच्या संघानं सामना सोडून दिला. महाराष्ट्र जिंकला आणि निंबाळकरांच्या ४४३ पुढे चांदणी लागली ती कायमची.

ठाकोरसाहेबांना नावं ठेवणं सोपं आहे. पण क्षणभर त्यांच्या जागी उभं राहून पाहा. ५८८ धावांची पिछाडी. सामना हातातून केव्हाच गेलेला. आपल्या खेळाडूंनी उन्हात किती धावायचं, आणि तेही कशासाठी, तर आपल्या फजितीचा आकडा जगाच्या यादीत सर्वांत वर जावा म्हणून! राजघराण्यातल्या माणसाला ते झोंबलं असेल. शिवाय सामना सोडायचा त्यांना हक्कच होता. पण हक्क बजावताना जे दुसऱ्याचं असतं तेही आपण घेऊन निघतो. ठाकोरसाहेब पराभव टाळू शकले नाहीत. टळला तो फक्त निंबाळकरांचा विक्रम.

या गोष्टीला पुढे एक विलक्षण वळण मिळालं. १९५९ च्या जानेवारीत कराचीत हनीफ महंमदनं बहावलपूरविरुद्ध खेळताना ब्रॅडमनचा ४५२ चा आकडा मागे टाकला. हनीफचा जन्म जुनागढचा, म्हणजे काठेवाडातला! पण त्याच्याही वाट्याला हुरहूर आली. दिवसाचं शेवटचं षटक चालू होतं आणि फलकावर त्याच्या धावा प्रत्यक्षापेक्षा दोनानं कमी लागल्या होत्या. पाचशेला अजून बऱ्याच धावा हव्यात असं समजून त्यानं दुसरी धाव घेतली आणि तो ४९९ वर धावबाद झाला. स्कोअर लिहिणारा म्हणून सांगतो, ही हकिकत आठवली की माझा हात पेन्सिलीवर जरा घट्ट होतो.

मग आला १९९४ चा जून. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर वॉरिकशायरकडून खेळणारा ब्रायन लारा. समोर डरहॅमचा संघ. पावसानं एक दिवस खाल्ला होता, निकाल लागणार नव्हता. डरहॅमच्या खेळाडूंना कंटाळण्याचं पुरेपूर कारण होतं. तरी ते दिवस संपेपर्यंत गोलंदाजी करत राहिले. षटकात दोनच चेंडू उरलेत, असं जोडीदारानं सांगितल्यावर लारानं चौकार मारला आणि आकडा झाला नाबाद ५०१. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पाचशेच्या पुढे गेलेला तो पहिला आणि आजवरचा एकमेव फलंदाज. लाराचं नाव आपल्याला पाठ आहे. पण त्या चौकारात डरहॅमचाही वाटा आहे.

हा प्रश्न एकट्या क्रिकेटचा नाही. क्रिकेटचा दूरचा भाऊ म्हणजे अमेरिकेतला बेसबॉल. आकड्यांचं वेड आपल्याहून काकणभर जास्तच. तिथं १९४१ च्या उन्हाळ्यात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. न्यूयॉर्क यांकीज संघाच्या ज्यो डिमॅजिओनं मे महिन्यापासून लागोपाठ ५६ सामन्यांत किमान एक तरी 'हिट' मिळवला. हिट म्हणजे चेंडू टोलवून, बाद न होता तळ गाठणं. सगळा देश रोज संध्याकाळी 'आज काय केलं?' असं विचारत होता. १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये सदुसष्ट हजारांवर प्रेक्षकांसमोर ही मालिका तुटली. ती तोडली क्षेत्ररक्षक केन केल्टनरनं. डिमॅजिओचे दोन सणसणीत फटके त्यानं अडवले. विक्रम थांबवायचा तर तो असा, मैदानात, चेंडूवर झेप टाकून. डिमॅजिओइतकंच आज केल्टनरचंही नाव त्या गोष्टीत घेतलं जातं. पुढे १९७८ मध्ये पीट रोझ ४४ सामन्यांपर्यंत गेला. त्यापलीकडे कुणालाही जाता आलं नाही.

दुसरी गोष्ट बॉस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सची. बेसबॉलमध्ये दहा संधींत चार हिट म्हणजे फलंदाजीचं शिखर. त्याला ते ०.४०० असं लिहितात. मोसमाच्या अखेरच्या दिवशी विल्यम्सच्या खात्यावर ४४८ संधींत १७९ हिट होते. सरासरी ०.३९९५५. तीन दशांशांपर्यंत धरली की ०.४००. प्रशिक्षकानं सुचवलं, आज बस, आकडा सुरक्षित आहे. तेवीस वर्षांच्या विल्यम्सनं ऐकलं नाही. त्या दिवशी फिलाडेल्फियात दोन सामने होते, तो दोन्ही खेळला. आठ संधींत सहा हिट. मोसम संपला तेव्हा सरासरी होती ०.४०६. न खेळताही आकडा मिळत होता, पण त्याला तो खेळून हवा होता.

त्याच खेळात उलटा मासलाही आहे. २००४ च्या मोसमात सॅन फ्रान्सिस्कोचा बॅरी बॉण्ड्स इतका धोकादायक झाला होता की प्रतिस्पर्ध्यांनी १२० वेळा त्याला मुद्दाम लांबचे चेंडू टाकून फुकट पहिला तळ देऊन टाकला. नियमात बसणारीच गोष्ट. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला बॉण्ड्सचा फटका काही पाहायला मिळाला नाही.

काही वेळा खेळाडू स्वतःच थांबतो. १९९८ मध्ये पेशावरला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मार्क टेलर ३३४ धावांवर नाबाद होता. ब्रॅडमनचीही कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या ३३४ च. टेलरनं दुसऱ्या दिवशी फलंदाजीला न जाता डाव घोषित केला. जुलै २०२५ मध्ये बुलावायोला दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार वियान मुल्डर झिम्बाब्वेविरुद्ध ३६७ धावांवर नाबाद होता. लाराचा कसोटीतला ४०० धावांचा विक्रम ३३ धावांवर होता आणि वेळ भरपूर होता. मुल्डरनंही डाव घोषित केला. लारासारख्या माणसाच्या नावावरच तो विक्रम राहावा, असं त्याचं म्हणणं. काहींना हा मोठेपणा वाटला, काहींना वेडेपणा. पण निर्णय त्याचा होता, ही गोष्ट महत्त्वाची. निंबाळकरांना तो घ्यायला मिळालाच नाही.

आता आपल्या वसई-विरारकडे येऊ. वालीवहून दिसतो तोच तुंगारेश्वराचा डोंगर विरारच्या माणसाला दुसऱ्या बाजूनं दिसतो. त्या विरारचा पृथ्वी शॉ लहानपणी वडिलांबरोबर पहाटेची लोकल धरून वांद्र्याला सरावाला जायचा. लोकलच्या त्या गर्दीत किट सांभाळणं म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या लोकांना समजावायला नको. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात त्यानं ३३० चेंडूंत ५४६ धावा काढल्या, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात १३४. आणि जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीला मुंबईकडून आसामविरुद्ध ३८३ चेंडूंत ३७९. संजय मांजरेकरांचा ३७७ धावांचा मुंबईचा विक्रम मागे पडला. रणजीच्या इतिहासात आता ३७९ च्या वर एकच आकडा आहे, निंबाळकरांचा. गंमत पाहा, पृथ्वीच्या त्या डावातही चौकार ४९ च होते.

पृथ्वी पायचीत झाला, रियान परागच्या गोलंदाजीवर. त्याच्या ३७९ पुढे चांदणी नाही. पण तो खेळून थांबला, प्रतिस्पर्ध्यानं त्याला खेळून थांबवलं. पुढचे दिवस त्याच्यासाठी सोपे गेले नाहीत. २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून त्याला वगळलं, आयपीएलच्या लिलावात कुणी बोली लावली नाही. २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघात गेला आणि त्याच मोसमात चंडीगडविरुद्ध त्यानं २२२ धावा काढल्या. महाराष्ट्राचा संघ म्हणजे निंबाळकरांचा संघ. मोठा आकडा पुढच्या डावाची हमी देत नाही. पुढच्या डावात पुन्हा शून्यापासूनच सुरुवात असते.

निंबाळकरांनाही हे ठाऊक होतं. एवढी मोठी खेळी करूनही त्यांना भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. होळकर, रेल्वे अशा संघांकडून ते खेळत राहिले. प्रथम श्रेणीत त्यांच्या ४८४१ धावा आहेत, सरासरी ४७.९३. २००२ साली त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. ११ डिसेंबर २०१२ ला, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते गेले. भारतीय खेळाडूची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च धावसंख्या आजही त्यांचीच आहे. जगाच्या यादीत ५०१, ४९९, ४५२ यांच्या खाली चौथी. पूना क्लबवर आणखी दोन-तीन षटकं पडली असती तर पुढची दहा वर्षं जगाच्या यादीत पहिलं नाव मराठी असतं.

शेवटी एक आकडा, जो विक्रमांच्या यादीत सापडायचा नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी करंडकाच्या शालेय सामन्यात प्रणव धनावडेनं ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा काढल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. त्याच्या शाळेच्या संघानं ३ बाद १४६५ धावा केल्या. समोरच्या शाळेची थोरली मुलं परीक्षेमुळे आली नव्हती, म्हणून लहान मुलं खेळत होती. त्यांचे दोन डाव आटोपले ३१ आणि ५२ धावांत. दोन दिवस ती पोरं सीमारेषेबाहेरून चेंडू आणत राहिली, आणि मग पॅड बांधून फलंदाजीलाही उतरली.

आमच्याकडच्या सामन्यांतही कधी कधी हरणारा संघ चिडून निघून जातो. मी पेन्सिल खाली ठेवतो आणि दोन्ही बाजूंची बेरीज तेवढ्यावर मारतो. ती जुळते, पण वहीचं अर्धं पान कोरं राहतं. कल्याणच्या त्या मुलांनी पान कोरं ठेवलं नाही. त्यांचे ३१ आणि ५२ लिहिल्याशिवाय १००९ चा ताळा बसत नाही.