डेटाबेस-जोडणीतील त्रुटी : पीएचपीमधील हाताळणी

प्रोग्रॅमला डेटाबेस सर्व्हरशी जोडणी करता न आल्यास किंवा झालेली जोडणी तुटल्यास उद्भवणारी त्रुटी. ती पकडणे, तिची नोंद ठेवणे आणि वापरणाऱ्याला उपयोगी पडेल तेवढेच सांगणे, ही प्रोग्रॅमरची तीन वेगवेगळी कामे आहेत. येथे पीएचपी व मायएसक्यूएल यांच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे.

कारणे : मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक त्रुटीला क्रमांक असतो. १०४५ म्हणजे युझरनेम वा पासवर्ड नाकारला गेला. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेस नाही. २००२ व २००३ म्हणजे सर्व्हर बंद आहे किंवा पत्ता, पोर्ट चुकला आहे (नेहमीचा पोर्ट ३३०६). १०४० म्हणजे एकाच वेळच्या जोडण्यांची मर्यादा, जी मुळात १५१ असते, भरली आहे. पहिल्या दोन त्रुटी सेटिंग दुरुस्त केल्याशिवाय जात नाहीत. १०४० मात्र अनेकदा तात्पुरती असते. तिथे दर वेळी अंतर वाढवत मोजकेच पुनःप्रयत्न करावेत.

हाताळणी : जुन्या मायएसक्यूएल एक्स्टेन्शनसोबत ‘ऑर डाय’ ही पद्धत रूढ होती. जोडणी फसली की मूळ संदेश स्क्रीनवर छापून प्रोग्रॅम तिथेच थांबे. ते एक्स्टेन्शन पीएचपी ७.० (२०१५) मध्ये काढून टाकण्यात आले. त्याच्या जागी आता पीडीओ वा मायएसक्यूएलआय ही एक्स्टेन्शन वापरतात. जोडणी फसल्यावर पीडीओ एक्सेप्शन देते, मायएसक्यूएलआयमध्येही पीएचपी ८.१ (२०२१) पासून हेच मूळ वर्तन आहे. हे एक्सेप्शन ट्राय-कॅचने पकडतात.

प्रदर्शन : न पकडलेल्या एक्सेप्शनसोबत स्टॅक ट्रेस छापला गेल्यास त्यातून सर्व्हरचा पत्ता, युझरनेम, एवढेच नव्हे तर पासवर्डही उघड होऊ शकतो. पीएचपी ८.२ (२०२२) पासून ट्रेसमधील पासवर्ड झाकला जातो, पण बाकीचा तपशील दिसू शकतो. म्हणून चालू साइटवर ‘डिस्प्ले एरर्स’ बंद आणि ‘लॉग एरर्स’ सुरू ठेवणे अत्यावश्यक आहे. क्रमांक, वेळ व मूळ संदेश लॉगमध्ये जावा. त्रुटीच्या पानासोबत एचटीटीपी ५०३ हा स्टेटस पाठवावा. २०० पाठवल्यास सर्च इंजिन त्रुटीचे पान खरे मजकुराचे पान समजू शकते.

वापरणाऱ्याला हवे असते ते आपल्या कामाचे काय झाले याचे उत्तर. सुरुवातीलाच जोडणी झाली नसेल, तर ‘तुमचा अर्ज जतन झालेला नाही, थोड्या वेळाने पुन्हा भरा’ असे स्पष्ट सांगता येते. क्वेरी चालू असताना जोडणी तुटल्यास (त्रुटी क्र. २०१३) नोंद झाली की नाही, हे प्रोग्रॅमलाही ठाऊक नसते. अशा वेळी आपोआप पुनःप्रयत्न केल्यास एकच नोंद दोनदा होण्याचा धोका असतो. आधी नोंद तपासावी, मगच संदेश द्यावा.