नर्रईचा बलिदान दिन : पराभूत रणांगणावरील साडेचार शतकांची स्मृती

जबलपूर : गोंडवानाच्या राणी दुर्गावती यांचा बलिदान दिन दरवर्षी २४ जून रोजी जबलपूरजवळील नर्रई येथे पाळला जातो. जबलपूर-मंडला मार्गावरील बरेला परिसरात त्यांची समाधी असून, येथे अभिवादनासाठी येणारे लोक फुलांसोबत पांढरे दगडही वाहतात.

कालिंजरच्या चंदेल घराण्यात जन्मलेल्या दुर्गावती यांचा विवाह गढा राज्याचे राजा संग्राम शाह यांचे पुत्र दलपत शाह यांच्याशी झाला होता. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्र वीर नारायण यांच्या वतीने त्यांनी राज्यकारभार सांभाळला. जबलपूरमधील राणीताल हा तलाव त्यांच्या, तर आधारताल हा त्यांचे दिवाण आधार कायस्थ यांच्या नावाने ओळखला जातो.

१५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफ खान याने गढ्यावर स्वारी केली. नर्रईच्या अरुंद खिंडीत पहिल्या दिवशी गोंड सैन्याने मोगलांना मागे रेटले. त्याच रात्री छापा घालावा, असा राणींचा आग्रह होता; मात्र सरदारांनी तो मानला नाही, असे अबुल फजलने ‘अकबरनामा’त नोंदवले आहे. दुसऱ्या दिवशी मोगलांचा तोफखाना येऊन पोहोचला. सरमन हत्तीवरून लढताना बाणांनी जखमी झालेल्या राणींनी शत्रूच्या हाती न पडता स्वतःच्या खंजिराने प्राणत्याग केला. पुढे चौरागढच्या लढाईत वीर नारायण यांनाही वीरमरण आले.

समाधीवर दगड वाहण्याची प्रथा सरकारी सोहळ्यांहून जुनी आहे. वाटसरू आसपास सापडणारे सुंदर स्फटिक राणींच्या समाधीवर ठेवतात, अशी नोंद ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात केली आहे. तेथील दोन मोठे गोल दगड म्हणजे राणींचे नगारे असून, मध्यरात्री ते सैनिकांना हाक देतात, ही लोकश्रद्धाही त्यांनी टिपली आहे.

गढा-मंडल्याची गोंड सत्ता १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी संपुष्टात आणली. त्यानंतर हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आणि पुढे इंग्रजांकडे गेला. सत्ता बदलत राहिल्या, तरी समाधीवरील दगडांची रास वाढत राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात या स्मृतीला शासकीय मान्यता लाभली. जबलपूर विद्यापीठाला १९८३ मध्ये राणींचे नाव देण्यात आले, तर १९८८ च्या बलिदान दिनी टपाल तिकीट प्रसिद्ध झाले. पंचशताब्दीनिमित्त ५ ऑक्टोबर २०२३ रोजी जबलपूर येथे सुमारे २१ एकरांवरील स्मारक व उद्यानाचे भूमिपूजन करण्यात आले. त्यात राणींचा ५२ फूट उंचीचा कांस्य पुतळा नियोजित आहे. नर्रईत मात्र अभिवादनासाठी वाटेत सापडलेला एक पांढरा दगड आजही पुरेसा ठरतो.