मेंफिसचे सफाई कामगार आणि वर्गणीचा प्रश्न



नगरपालिकेच्या कामगाराचा मालक कोण, असे विचारले तर आपण नगराध्यक्षांकडे बोट दाखवाल. पण त्यांना निवडून देणारे आणि कर भरणारे आपणच. म्हणून ही हकीकत कामगारांच्या सभेपेक्षा नागरिकांपुढे सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात मेंफिस हे शहर आहे. तेथे कचरा उचलणारे जवळजवळ सर्व कामगार कृष्णवर्णी होते. १९६३ साली संघटना बांधू लागताच टी. ओ. जोन्स व त्यांचे सहकारी अशा ३३ जणांना कामावरून काढण्यात आले. १९६६ साली योजलेला संप न्यायालयाच्या मनाईहुकुमामुळे बारगळला.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी पाऊस पडत होता. एकोल कोल व रॉबर्ट वॉकर हे दोघे कचरागाडीच्या मागील भागात आडोशाला शिरले. कचरा दाबणारे यंत्र एकाएकी सुरू झाले आणि दोघेही चिरडून मेले. ते तासावारी मजुरीवरचे. त्यांना कायद्याची भरपाई लागू नव्हती. शहराने प्रत्येकाच्या कुटुंबाला एका महिन्याचा पगार व अंत्यविधीसाठी ५०० डॉलर दिले. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगारांनी काम बंद केले.

पगारवाढ हवी होतीच. पण संघटनेला मान्यता द्यावी आणि तिची वर्गणी पगारातून कापावी, या मागण्यांवर महापौर हेन्री लोब अडून बसले. सार्वजनिक नोकरांचा संप बेकायदेशीर, असे त्यांचे म्हणणे.

एवढ्याशा वर्गणीसाठी इतका हट्ट का? मी आयुष्यभर पावतीपुस्तक घेऊन हिंडलो आहे, म्हणून सांगतो. पगाराच्या दिवशी मुकादमासमोर पैसे देणारा कामगार सर्वांना दिसतो, आणि उद्या कोणाला हेरायचे हे ठरते. वर्गणी पगारातून कापली की ती उघड भीती संपते. आणि संघटना कायमची आहे, हे मालकालाही मान्य करावे लागते. लोबांनी नेमके हेच ओळखले होते.

‘मी माणूस आहे’ असे फलक घेऊन कामगार रस्त्यावर आले. २८ मार्चच्या मोर्चात दंगल उसळली. लॅरी पेन हा १६ वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने मेला. ४ एप्रिलला, कामगारांच्या पाठिंब्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा त्याच शहरात खून झाला. १६ एप्रिलला समझोता झाला. संघटनेला मान्यता मिळाली, पगार वाढला. वर्गणी कामगारांच्या पतपेढीमार्फत कापून घेण्याची तोड निघाली.

जी तोड अखेरीस निघाली ती पहिल्या आठवड्यातही काढता आली असती. तेवढ्यासाठी प्रतिनिधींशी बरोबरीने बसायला हवे होते. आपल्या गावात असा तंटा उद्भवेल तेव्हा, कचरा कधी उचलणार, हे अवश्य विचारा. पण त्याआधी आपल्या नगरसेवकाला विचारा की, कामगारांच्या प्रतिनिधींना बोलणीला बोलावले होते काय?