'अ‍ॅट फॉल्सम प्रिझन': तुरुंगातल्या त्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये आपण नेमकं काय ऐकतो?

१३ जानेवारी १९६८. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातला फॉल्सम तुरुंग. कैद्यांच्या जेवणाच्या हॉलमध्ये स्टेज उभारलंय, समोर शेकडो कैदी बसलेत आणि पहाऱ्यावर बंदूकधारी रक्षक आहेत. गायक जॉनी कॅश माइकसमोर येतो, फक्त आपलं नाव सांगतो आणि हॉल दणाणून जातो.

कंट्री संगीतातल्या सर्वाधिक गाजलेल्या लाइव्ह अल्बमपैकी एकाची ही सुरुवात. पण त्यात ऐकू येणारं सगळंच त्या दिवशी तसंच घडलं होतं का?

कॅश तुरुंगात का गेला?

शिक्षा भोगायला नाही! ड्रग्जमुळे त्याला अटक झाली होती, पण त्याने कधीही तुरुंगवासाची शिक्षा भोगली नाही. हवाई दलात असताना जर्मनीत त्याने फॉल्सम तुरुंगावरचा एक चित्रपट पाहिला. त्यातून 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' हे गाणं तयार झालं आणि १९५५ मध्ये ते रेकॉर्ड झालं. चाल आणि काही शब्द मात्र गॉर्डन जेंकिन्स यांच्या जुन्या गाण्यावर बेतलेले होते. त्यासाठी कॅशला पुढे भरपाई द्यावी लागली.

गाणं ऐकून कैदी त्याला पत्रं लिहू लागले. तो १९५०च्या दशकापासूनच तुरुंगांमध्ये कार्यक्रम करत होता. तिथे रेकॉर्डिंग करण्याची कल्पना मात्र कंपनीच्या गळी उतरायला बरीच वर्षं गेली. अखेर निर्माते बॉब जॉन्स्टन यांनी ती उचलून धरली.

रेकॉर्डिंग कसं झालं?

एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. सोबत जून कार्टर, कार्ल पर्किन्स, स्टॅटलर ब्रदर्स आणि कॅशचा 'टेनेसी थ्री' हा बँड होता. गिटारवर ल्यूथर पर्किन्स, बासवर मार्शल ग्रँट आणि ड्रम्सवर डब्ल्यू. एस. हॉलंड. रेल्वेगाडीच्या ठेक्यासारखी त्यांची साधी, सरळ लय अल्बमभर ऐकू येते. दुसऱ्या कार्यक्रमापर्यंत मंडळी थकली होती. त्यामुळे मे १९६८ मध्ये आलेल्या मूळ अल्बममध्ये दुसऱ्या कार्यक्रमातली फक्त दोन गाणी आहेत.

ऐकताना कशाकडे लक्ष द्यावं?

गाण्यांच्या मध्ये लाउडस्पीकरवरच्या घोषणा ऐकू येतात. त्यात कैद्यांना क्रमांकाने बोलावलं जातं. त्या कापून टाकता आल्या असत्या, पण मुद्दाम ठेवल्या गेल्या. त्यामुळे आपण कुठे बसून ऐकतोय, याचा विसर पडत नाही.

सुरुवातीचा जल्लोषही ठरवून घडवलेला होता. कॅश स्वतःची ओळख करून देईपर्यंत शांत राहा, असं कैद्यांना आधीच सांगण्यात आलं होतं.

मग तो प्रसिद्ध आरडाओरडा?

'फॉल्सम प्रिझन ब्लूज'मध्ये खुनाची कबुली देणारी एक ओळ आहे. अल्बममध्ये ती संपताच कुणीतरी आनंदाने ओरडतं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण अभ्यासक मायकल स्ट्रीसगुथ यांच्या संशोधनानुसार, तो आवाज नंतर एडिटिंगमध्ये घातलेला आहे. रक्षकांच्या देखत अशा ओळीवर ओरडणं कैद्यांना महागात पडलं असतं. म्हणून ते जपून प्रतिसाद देत होते.

म्हणजेच, खुनाच्या उल्लेखावर खूश होणारे कैदी ही प्रतिमा निदान त्या क्षणापुरती स्टुडिओत तयार झाली. आणि लाखो लोकांनी ती खरी मानली.

शेवटचं गाणं कुणाचं?

'ग्रेस्टोन चॅपल' हे शेवटचं गाणं ग्लेन शर्ली याने लिहिलं होतं. सशस्त्र दरोड्याप्रकरणी तो फॉल्सममध्येच शिक्षा भोगत होता. एका धर्मगुरूंमार्फत त्या गाण्याची टेप आदल्या रात्री कॅशकडे पोहोचली. त्याने रातोरात गाणं बसवलं आणि पुढच्या रांगेत बसलेल्या शर्लीसमोर गायलं. शर्लीला याची काहीच कल्पना नव्हती.

१९७१ मध्ये सुटका झाल्यावर कॅशने त्याला आपल्यासोबत काम दिलं. १९७२ मध्ये दोघांनी तुरुंग सुधारणांबाबत अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर साक्षही दिली. पण बाहेरच्या जगात शर्लीचा जम बसला नाही. १९७८ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

आज हा अल्बम का ऐकायचा?

या अल्बममुळे कॅशची घसरलेली कारकीर्द सावरली. २००३ मध्ये अमेरिकेच्या 'नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्री'मध्ये त्याचा समावेश झाला. २००८ च्या विशेष आवृत्तीत दोन्ही कार्यक्रम ऐकता येतात.

मूळ अल्बम ऐकाल तेव्हा त्या एका आरोळीपेक्षा बाकीच्या आवाजांकडे कान द्या. कॅशच्या विनोदांवरचं हसू, टाळ्या आणि मध्येच पुकारला जाणारा कैद्याचा नंबर. त्या हॉलमधली माणसं तिथे सापडतात.