चौकट आणि बाण : ‘डेटा स्ट्रक्चर्स’च्या पेपरची कुळकथा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटरच्या मुलांना ‘डेटा स्ट्रक्चर्स’चा पेपर असतो. आधी केटीची, म्हणजे विषय राहून जाण्याची, धास्ती म्हणून आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत हमखास विचारतात म्हणून, हा विषय सहसा कुणी विसरत नाही. त्यात फळ्यावर पुन्हा पुन्हा निघणारं एक चित्र आहे. दोन कप्प्यांची चौकट, उजव्या कप्प्यातून निघालेला बाण, बाणाच्या टोकाशी दुसरी चौकट, आणि शेवटच्या चौकटीत तिरपी रेघ. मुलं ते वहीत उतरवतात, जर्नलमध्ये उतरवतात, परीक्षेत उतरवतात. ते आलं कुठून, हे सिलॅबसमध्ये नसतं.

ते आलं गणिताची प्रमेयं सोडवू पाहणाऱ्या एका प्रोग्रामच्या अडचणीतून. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाला रँड कॉर्पोरेशन ही संशोधन संस्था. क्लिफ शॉ तिथले प्रोग्रामर. ॲलन नेवेल रँडचेच, पण १९५५ मध्ये ते पिट्सबर्गला कार्नेगी टेकमध्ये हर्बर्ट सायमन यांच्याकडे गेले. व्हाइटहेड आणि रसेल यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’तली प्रमेयं मशीनकडून सिद्ध करून घ्यायची, असा या तिघांचा घाट. प्रोग्रामचं नाव ‘लॉजिक थिअरिस्ट’. १९५६ च्या जानेवारीत तो मशीनवर चढायला तयार नव्हता, तेव्हा सायमन यांनी बायको, मुलं आणि काही विद्यार्थी गोळा केले. प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड दिलं, त्यावर त्या माणसाचं काम लिहिलेलं, आणि सगळा प्रोग्राम माणसांकरवी चालवून पाहिला. कॉम्प्युटरच्या इतिहासात इतकं घरगुती टेस्टिंग दुसरं नसेल.

मशीनवर मात्र मेमरी आडवी आली. रँडचं मशीन होतं जॉनिॲक. जॉन फॉन नॉयमन यांच्या नावावरून ठेवलेलं. त्याची मुख्य मेमरी ४०९६ शब्दांची. तोवरची रीत अशी, की माहिती सलग जागेत ओळीनं ठेवायची आणि त्यासाठी जागा आधीच राखून ठेवायची. पगारपत्रक करायचं तर हे ठीक, कारण कामगार किती ते ठाऊक असतं. पण सिद्धता किती पायऱ्यांची होईल, एका प्रश्नातून किती उपप्रश्न फुटतील, हे आधी कोण सांगणार? चाळीत वाढत्या कुटुंबाला सलग दहा खोल्या मिळत नाहीत. मग जी खोली रिकामी होईल ती घ्यायची आणि प्रत्येक दारावर पुढच्या खोलीचा नंबर लिहून ठेवायचा. तिघांनी मेमरीत हेच केलं. प्रत्येक नोंदीचे दोन भाग: एकात माहिती, दुसऱ्यात पुढच्या नोंदीचा पत्ता. हीच लिंक्ड लिस्ट. तिच्यासाठी त्यांनी आयपीएल नावाची वेगळी भाषाच बनवली. ‘प्रिन्सिपिया’च्या दुसऱ्या प्रकरणातल्या पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ लॉजिक थिअरिस्टनं सिद्ध केली. फेब्रुवारी १९५७ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिषदेत नेवेल आणि शॉ यांनी या प्रोग्रामिंगवर निबंध मांडला. चौकटी आणि बाणांचं ते चित्र त्यात आहे.

या रचनेतली गंमत ओरलला कळते. ‘अ’ नंतर ‘ब’ आहे, मध्ये ‘क्ष’ घालायचा. बाण दोनच बदलायचे. आधी ‘क्ष’चा बाण ‘ब’कडे, मग ‘अ’चा ‘क्ष’कडे. क्रम उलटा केला की संपलं. ‘ब’चा पत्ता फक्त ‘अ’जवळ होता, तोच पुसला गेला. ‘ब’ आणि त्याच्या मागची सगळी रांग मेमरीत शाबूत, पण तिथं पोचायला वाट नाही. परीक्षक नेमका इथंच बोट ठेवतो.

याच पेपरातल्या बाकी मंडळींची घरं वेगवेगळी. हॅशिंगचा विचार आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ च्या एका अंतर्गत टिपणात मांडला. क्रेडिट कार्डाचा नंबर चुकीचा टाकला तर पकडणारी युक्तीही त्यांचीच. स्टॅकचं पेटंट १९५७ मध्ये म्युनिकच्या बाउअर आणि सामेल्सन यांनी मागितलं, जरी ट्युरिंग यांनी त्याच्या दहाएक वर्षं आधी तसंच काही कागदावर मांडलं होतं. एव्हीएल ट्री १९६२ चा, सोव्हिएत गणिती आडेल्सन-वेल्स्की आणि लांडिस यांचा. कुणी कंपायलर लिहीत होतं, कुणी शोधायला सोपी यादी मागत होतं. हे सगळं मिळून एक विषय आहे, असं त्यांतल्या कुणाच्या मनात असेलसं वाटत नाही.

विषय झाला १९६८ मध्ये. त्या वर्षी डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’चा पहिला खंड आला. मूळ बेत १९६२ मध्ये कंपायलरवर एक पुस्तक लिहायचा. ते पसरत अनेक खंडांवर गेलं. पहिल्या खंडाचं दुसरं प्रकरण सगळं या रचनांवर, आणि सुरुवातीचं उदाहरण पत्त्यांच्या ढिगाचं: पान उताणं की पालथं, रंग कोणता, किंमत किती आणि खालचं पान कोणतं. त्याच वर्षी मार्चमध्ये एसीएम या संघटनेचा ‘करिक्युलम ६८’ प्रसिद्ध झाला. विद्यापीठांनी कॉम्प्युटर सायन्समध्ये काय शिकवावं, याचा तो आराखडा. त्यात मूलभूत कोर्सेसनंतरच्या मधल्या पायरीवर पहिलाच कोर्स, क्रमांक आय-१ : डेटा स्ट्रक्चर्स. आपल्याकडेही तो पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगनंतर येतो, म्हणजे पायरी तीच.

आपल्याकडच्या मुलांच्या हाती मात्र क्नूथ क्वचितच पडले. पडलं ते हॉरोविट्झ आणि साहनी यांचं १९७६ चं ‘फंडामेंटल्स ऑफ डेटा स्ट्रक्चर्स’. सरताज साहनी यांचा जन्म पुण्याचा, १९४९ चा. आयआयटी कानपूरहून ते कॉर्नेलला गेले, आणि एलिस हॉरोविट्झ हे तिथले त्यांचे मार्गदर्शक. पुस्तकातले अल्गोरिदम ‘स्पार्क्स’ नावाच्या, मशीनवर थेट न चालणाऱ्या भाषेत होते. मुलांनी ते स्वतः पास्कल किंवा सीमध्ये उतरवायचे. पुढे लेखकांनीच त्या भाषांमधल्या आवृत्त्या काढल्या. मला विचाराल तर ती पहिली सक्तीची मेहनत बरी होती. तयार कोड टाइप करून सबमिशन होतं, पण बाण कुठं तुटला हे कळत नाही.

१९७५ चा ट्युरिंग पुरस्कार नेवेल आणि सायमन यांना मिळाला. मानपत्रात याद्यांवरच्या कामाचा उल्लेख आहे, शॉ यांचं नावही आहे, पण पुरस्कारात वाटा नाही. म्हणून शिकवणाऱ्यांना एक विनंती: लिंक्ड लिस्टच्या पहिल्या तासाला फळ्याच्या कोपऱ्यात तिन्ही नावं लिहा, आणि शॉ यांचं आधी.