काळ्या दगडावरची रेघ

वडूजच्या परिसरात विहीर खणू लागले, की माती आणि मुरूम संपल्यावर काळा पाषाण लागतो. येरळेकाठच्या माणसाने तो घराच्या पायाला घातला, बांधाला रचला. पण हा पाषाण इतिहासाचे एक जुने दप्तरही आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. हे दप्तर शाईने लिहिलेले नाही, चुंबकत्वाने लिहिलेले आहे.

ते लिहिले कसे गेले? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त शिलारस वर आला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. या रसात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लोहचुंबक खूप तापवला, की त्याचे चुंबकत्व जाते, हे शिक्षक मुलांना सांगतातच. या कणांचेही तसेच. दगड सुमारे ५८० अंशांच्या खाली निवू लागला, म्हणजे त्यांचे चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून गोठते. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात, ती अशी!

ही रेघ वाचण्याची विद्या मात्र अलीकडची. १९०६ साली फ्रान्समध्ये बर्नार ब्र्यून यांना लाव्हाच्या दगडात चक्क उलटी दिशा आढळली. दख्खनच्या दगडावर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९५९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्यासह हे काम पुढे नेले. महाबळेश्वरच्या घाटात खालच्या थरांची दिशा उलटी, तर वरच्या थरांची सुलटी आढळते. म्हणजे हे पठार घडत असतानाच पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांनी आपली अदलाबदल केली होती!

दुसरी गोष्ट याहून नवलाची. मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्तापाशी आडवी राहते. उत्तरेकडे गेलो की तिचे उत्तर टोक खाली झुकते, दक्षिणेकडे गेलो की वर उचलते. आपल्या सुलट्या थरांत ते टोक वर उचललेले निघाले. तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे ३० अंशांवर होती. तेथून ती सुमारे ५,००० किलोमीटर उत्तरेकडे सरकली आहे. खंडे सरकतात, असे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली सांगितले, तेव्हा बहुतेक पंडितांनी ते उडवून लावले. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा अंत झाला. आपल्या सह्याद्रीने त्यांच्या बाजूने दिलेली साक्ष ऐकायला ते उरले नव्हते.

ध्रुव पालटणे ही काही पृथ्वीचीच तऱ्हा नव्हे. सूर्याचे चुंबकीय ध्रुव सुमारे ११ वर्षांनी पालटतात. पृथ्वीवर असा पूर्ण पालट शेवटचा झाला तो सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. गुरूवर आपली सुई नेली, तर आज ती दक्षिण दाखवील.

शिक्षकांनी एक गोष्ट मुलांना अवश्य विचारावी. चुंबकाची विजातीय टोके एकमेकांस ओढतात. मग सुईचे उत्तर टोक उत्तरेकडे का वळते? उत्तर असे, की भूगोलाच्या उत्तर ध्रुवाजवळ पृथ्वीचा चुंबकीय दृष्ट्या दक्षिण ध्रुव आहे. हे समजले, म्हणजे विहिरीच्या कडेला पडलेला दगड मुलांना केवळ दगड वाटणार नाही.