‘पिन कुणाला तरी सांगितला असणार’: कार्डाच्या फसवणुकीचा इतिहास कुठून वाचायचा?

मागच्या पोस्टनंतर दोघातिघांनी विचारलं, की संशोधन प्रश्न ‘बदलतो’ म्हणजे नेमकं काय होतं? तर माझंच उदाहरण देते. माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं शीर्षक होतं ‘बँक कार्डांच्या सुरक्षा-तंत्रज्ञानाचा इतिहास’. आधी चुंबकीय पट्टी, मग पिन, मग चिप, मग ओटीपी. प्रकरणं आपोआप पडत होती, मी खूश होते. सरांनी ते वाचलं आणि समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: ‘पैसे कुणाचे गेले?’

मला आधी रागच आला. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हा काय प्रश्न? मग मावशी आठवली.

2014 साली मिरजेच्या मावशीच्या खात्यातून एटीएमने चाळीस हजार रुपये गेले. दहा-दहा हजारांच्या चार उचली, सगळ्या उत्तरेतल्या कुठल्याशा शहरात, रात्री. कार्ड मिरजेत कपाटात होतं. बँकेत जुना मोबाइल नंबर नोंदलेला, त्यामुळे मेसेज आलाच नाही. पासबुक भरायला गेली तेव्हा कळलं. शाखेत तिला सांगण्यात आलं, ‘‘मॅडम, व्यवहार बरोबर पिन टाकून झालाय. पिन कुणाला तरी सांगितला असणार. घरात आठवून बघा.’’

घरात तो पिन माहीत असलेली दुसरी व्यक्ती मी होते. सुट्टीत मीच तिला एटीएमवर घेऊन जायचे.

मावशी मला कधी काही बोलली नाही. पण ‘घरात आठवून बघा’ हे वाक्य मला नंतर अनेक देशांच्या कागदपत्रांत, वेगवेगळ्या भाषेत भेटत राहिलं आणि सरांच्या प्रश्नाचा अर्थ हळूहळू लागत गेला.

सुरुवात अमेरिकेपासून करू. सप्टेंबर 1958 मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे 60,000 क्रेडिट कार्डं घरोघर टपालाने पाठवली. कुणी अर्ज केला नव्हता, कुणी मागितली नव्हती. पुढच्या दशकात इतर बँकांनीही हाच मार्ग धरला. पाकिटं टपालपेट्यांतून चोरीला जायची आणि ज्याने कार्ड पाहिलंही नाही त्याला बिल यायचं. आता बघा, यावर 1970 मध्ये अमेरिकी काँग्रेसने जो कायदा केला त्याचा भर कार्ड कसं असावं यावर नव्हता. न मागता कार्ड पाठवायला बंदी घातली आणि चोरीच्या कार्डावरची ग्राहकाची जबाबदारी जास्तीत जास्त 50 डॉलरवर आणली. म्हणजे चोरी थांबवायला तिजोरी बदलली नाही, नुकसान कुणाच्या खिशातून जाणार ते बदललं.

1978 मध्ये एटीएम आणि डेबिट व्यवहारांसाठी वेगळा कायदा आला. हरवलेल्या कार्डाची खबर दोन कामकाजाच्या दिवसांत दिली तर 50 डॉलरपर्यंत, उशीर केला तर 500 पर्यंत, आणि स्टेटमेंट आल्यावर साठ दिवस गप्प बसलात तर पुढचं नुकसान तुमचं. आणि व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला हे सिद्ध करायचं काम बँकेचं. 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या दिवाणी न्यायालयात सिटीबँकेविरुद्ध एक दावा चालला. बाईंचं म्हणणं, हे 800 डॉलर मी काढलेच नाहीत. त्या वेळी त्या कामावर होत्या आणि तसं मालकाचं पत्र त्यांच्याकडे होतं. बँकेकडे संगणकाचा छापील कागद होता. माणसावर विश्वास ठेवायचा की यंत्रावर, असा प्रश्न न्यायाधीशांनी स्वतःच मांडला आणि निकाल बाईंच्या बाजूने दिला.

आता अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझं संशोधन खरं इथे वळलं.

ब्रिटनमध्ये त्याच काळात उलटी स्थिती होती. बँकांची भूमिका अशी, की आमच्या प्रणालीत चूक होऊच शकत नाही. ग्राहक खोटं बोलतोय, विसरलाय, नाहीतर घरच्या कुणीतरी पैसे काढलेत. अशा तक्रारींना तिकडे ‘फँटम विथड्रॉवल’ म्हणायचे. आपण भुताटकीची उचल म्हणू. केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन (2024 मध्ये ते वारले) त्या वेळी तक्रारदारांच्या वकिलांना तांत्रिक मदत करत होते. त्यातून 1993 मध्ये त्यांनी ‘व्हाय क्रिप्टोसिस्टिम्स फेल’ हा निबंध वाचला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी गणिताला न घाबरता तो वाचावा, त्यात समीकरणं जवळजवळ नाहीतच. आहेत ते किस्से. एका मोठ्या बँकेने पिन सांकेतिक रूपात कार्डाच्या पट्टीवरच लिहून ठेवला होता, पण तो खातेक्रमांकाशी बांधलेला नव्हता. मग चोराने आपल्याच कार्डाच्या पट्टीवर दुसऱ्याचा खातेक्रमांक लिहायचा, पिन स्वतःचा टाकायचा, पैसे दुसऱ्याचे यायचे. काही यंत्रं पावतीवर पूर्ण खातेक्रमांक छापायची. रांगेत उभं राहून पिन बघायचा आणि फेकलेली पावती उचलायची, झालं काम.

आणि हेस्टिंग्जच्या गृहिणीचा किस्सा. बँकेतल्याच एका कारकुनाने तिच्या खात्यावर जादा कार्ड काढलं आणि 200 पौंडांच्या 43 उचली केल्या. त्या बँकेत एटीएमवर स्टेटमेंट घेतलं की त्यातल्या नोंदी घरी येणाऱ्या स्टेटमेंटमध्ये पुन्हा येत नसत. कारकून आधीच एटीएमवर स्टेटमेंट घ्यायचा, बाईंना कळायचंच नाही. शेवटी कळल्यावर तिने तक्रार केली, तर तिच्यावर विश्वास ठेवला नाही, उलट त्रास दिला. चोर सापडला तो त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीने उचल खाल्ली आणि त्याने स्वतः कबुली दिली म्हणून!

याहून वाईट केंब्रिजजवळच्या एका पोलिस शिपायाचं झालं. सुट्टीवरून परत आल्यावर खात्यात न ओळखता येणाऱ्या उचली दिसल्या म्हणून त्याने तक्रार केली. त्याच्यावरच फसवणुकीचा खटला होऊन 1994 मध्ये तो दोषी ठरला. 1996 मध्ये अपिलात सुटला, कारण त्याच्या बाजूच्या तज्ज्ञाला वित्तसंस्था आपली यंत्रणा तपासू द्यायला तयार नव्हती.

अँडरसन यांनी नंतर याच्यावर जे निरीक्षण नोंदवलं ते मला पहिल्यांदा वाचताना उलटं वाटलं होतं: अमेरिकी बँका सुरक्षेवर युरोपातल्या बँकांपेक्षा कमी खर्च करत आणि तरी त्यांच्याकडे फसवणूक कमी होती. नुकसान त्यांचं होतं, म्हणून तो खर्च योग्य जागी होत होता. ब्रिटनमध्ये नुकसान ग्राहकाच्या माथी मारता येत होतं, म्हणून यंत्रणा ढिली पडली.

मग चिप आली. चुंबकीय पट्टीवरची माहिती कायम तीच असते, म्हणून तिची नक्कल होते. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, म्हणून नक्कल अवघड. 14 फेब्रुवारी 2006 पासून ब्रिटनमध्ये दुकानात चिप आणि पिन हाच नियम झाला. पण परदेशात चालावं म्हणून कार्डाच्या मागची पट्टी तशीच ठेवली होती. चोरांनी ती नक्कल करून जिथे चिप वाचणारी यंत्रं नव्हती अशा देशांत वापरली. 2008 मध्ये ब्रिटिश कार्डांवरची एकूण फसवणूक सुमारे 61 कोटी पौंड होती, त्यातली सुमारे 23 कोटींची परदेशात. देशातलं दार बंद केलं, चोर सीमेपलीकडून आला.

आपल्याकडेही हेच झालं. रिझर्व्ह बँकेने 18 फेब्रुवारी 2009 च्या परिपत्रकाने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. आपला ओटीपी त्याच वाटेने आला. पण परदेशी संकेतस्थळ ओटीपी मागायला बांधील नव्हतं, तिथे कार्डावरचे आकडेच पुरत. हे भोक बुजवायला 15 जानेवारी 2020 चं परिपत्रक आलं, जे शेवटी ऑक्टोबरपासून लागू झालं: नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतं चालू, ऑनलाइन आणि परदेशी वापर ग्राहकाने मागितला तरच. अ‍ॅपमधली ती ‘इंटरनॅशनल’ची कळ म्हणजे अकरा वर्षांच्या धड्याचा अवशेष आहे. कॉन्फरन्सला बाहेर जाणाऱ्यांनी जायच्या दिवशी ती चालू करावी, मर्यादा कमी ठेवावी, आल्यावर बंद करावी.

मध्ये पुण्याची कॉसमॉस बँक. 11 ऑगस्ट 2018 ला काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी आणि देशातून अडीच कोटी गेले. 13 तारखेला स्विफ्टने हाँगकाँगला आणखी 13.92 कोटी. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून खोटी परवानगी देणारी व्यवस्था उभी केली होती, त्यामुळे नकली कार्डांना ‘पैसे दे’ असं उत्तर जात होतं. पण ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, नुकसान बँकेचं झालं. आणि नेमकी याच घटनेची कागदपत्रं भरपूर सापडतात: विशेष तपास पथक, आरोपपत्र, खटला, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या अहवालातला उल्लेख. मावशीच्या चाळीस हजारांचं काय सापडतं? रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालातला फसवणुकीचा तक्ता काढा आणि खालची बारीक टीप वाचा: आकडे 1 लाख रुपये आणि त्यापुढच्या प्रकरणांचे. मावशी त्या तक्त्यातच नाही.

म्हणून सांगते, तक्त्याआधी टीप वाचा. ज्याच्यावर सिद्ध करायची जबाबदारी असते तो कागद जपतो. ज्याच्या हातात यंत्रणा असते तो कागद दाखवेलच असं नाही. माझा प्रश्न आता ‘सुरक्षा कशी बदलली’ असा राहिला नाही. ‘वादग्रस्त व्यवहारात पुरावा कुणी द्यायचा, हे भारतात कसं ठरत गेलं’ असा झालाय.

त्यातला मोठा टप्पा 6 जुलै 2017 चा. त्या परिपत्रकाने ग्राहकाची चूक सिद्ध करणं बँकेवर टाकलं. त्रयस्थाने फसवलं असेल आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, चार ते सात दिवसांत मर्यादित (साध्या बचत खात्याला 10,000 रुपयांपर्यंत). तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्या डिसेंबरमध्ये निघालं. मात्र तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. म्हणून आज पैसे गेल्याचा मेसेज आला तर पहिल्यांदा बँकेला फोन करून कार्ड बंद करा, तक्रार क्रमांक घ्या, 1930 ला कळवा. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. वेळ कधी सुरू झाली हे त्या पोचेवरूनच ठरतं. आणि बँकेतला मोबाइल नंबर जुना असेल तर आजच बदला.

मावशीने 2014 मध्ये पोच घेतली होती. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती ती, आवकचा शिक्का घेतल्याशिवाय कागद देणं तिला माहीतच नाही. पैसे काही परत आले नाहीत, पण पत्र आहे. नाव आणि खातेक्रमांक खोडून ते परिशिष्टात घालू का, असं मी दिवाळीत तिला विचारलं. तिने चष्मा लावून पत्र पुन्हा पूर्ण वाचलं आणि म्हणाली, ‘‘घाल. पण पिन तुलाही माहीत होता, हे यात मी लिहिलं नव्हतं. तू लिहिणार आहेस का?’’